सतरा नंबरचे डोळे

रात्रपाळीला दोन नर्स हव्यात, असं कागद म्हणतो.
कागद भिंतीवर आहे. नर्स मी एकटी, खाटा अठ्ठावीस.
दुसरी डिसेंबरात ऑस्ट्रेलियाला गेली,
पर्थहून उन्हाचे फोटो पाठवते.
इथे डोनेगॉलला अजून साडेचारलाच अंधारतं.
तिच्या जागी आली अट्रॅक्टा:
सहा आठवड्यांचं प्रशिक्षण, करडा अंगरखा,
आणि त्याआधी बंदरावरच्या कारखान्यात
एकोणीस वर्षं बांगडे साफ केलेले हात.

"अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची,
ताप-नाडी मोजून लिहायची.
औषधांच्या कपाटाला हात लावायचा नाही.
सुईला तर नाहीच."
पहिल्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा
माझा आवाज बहुतेक
कमरेच्या किल्ल्यांसारखा वाजत होता.
ती म्हणाली, "बरं."
आणि बेडपॅन उचललं.

वरच्या मजल्यावरच्या साहेबांचं गणित सरळ आहे:
एका नर्सच्या पगारात दीड मदतनीस.
मीटिंगमध्ये मी विचारलं,
अर्धा माणूस कुठल्या खाटेपाशी उभा करायचा?
कुणी हसलं नाही.
बिस्किटं मात्र चांगली होती.

खोटं कशाला बोलू,
ती आल्यापासून माझी पाठ कमी दुखते.
मी पोचायच्या आत घंटा थांबते.
बारा नंबरच्या मिसेस हेरॅटी
वेणी घालून झोपतात आताशा.
आजारी माणसाचेही केस विंचरायचे असतात
हे मी कधी विसरले, आठवत नाही.

मंगळवारी पहाटे साडेतीनला
नऊ नंबरची शीर सापडत नव्हती.
अट्रॅक्टा दारात. "पॅकी बरा नाही."

पॅकी मॅकगेटिगन, सतरा नंबर,
जन्मभर बोटीवरचा आचारी.
रात्रीच्या टोस्टच्या कडा रोज खिडकीत ठेवणारा,
सकाळच्या सीगलसाठी.

"ताप?" "नाही."
"नाडी?" "जरा जलद. पण बसते मर्यादेत."
"मग?"
"कडा ताटातच आहेत. आणि डोळे..."
ती शब्द शोधत राहिली.
सापडला तो कारखान्यातला.
"शिळे," म्हणाली.

डोळे शिळे.
याला तक्त्यात रकाना नाही.
मी म्हटलं, येते.
म्हटलं, आणि नऊ, मग चार,
मग बावीस नंबर, जी बाथरूमपाशी पडली होती.
चाळीस मिनिटं.
मधे ती दोनदा दारात येऊन गेली,
काही न बोलता.

मी पोचले तेव्हा पॅकीचे ओठ निळसर,
रक्तदाब तळाला.
ती त्याचे तळपाय हातांत धरून बसलेली:
हात लावायची मुभा असलेली
तेवढीच जागा होती.
मग डॉक्टर, ऑक्सिजन, स्ट्रेचर, लिफ्ट,
आणि लिफ्ट बंद झाल्यावर
फरशीवर राहिलेला त्याचा एक मोजा.

अहवालात मी लिहिलं:
चार वाजून दहा मिनिटांनी नर्सने पाहिलं.
साडेतीनला कुणी पाहिलं
त्यासाठी ओळ नव्हती.
समासात लिहिलं, तिच्या नावासकट.
सकाळी मेट्रनने विचारलं, हे काय मधेच?

तिला दिसतं, तिला मुभा नाही.
मला मुभा आहे, बघायला सवड नाही.
दोघी मिळून एक अख्खी नर्स होते का,
साहेबांना विचारायला हवं.
गणित त्यांचं पक्कं आहे.

पॅकी अजून वरच आहे, नळ्यांत.
सतराला नवा माणूस आलाय,
त्याला खिडकीतल्या सीगलची भीती वाटते.

आज पुन्हा साडेतीन.
अट्रॅक्टा दारात. "सहा नंबर."
काय झालंय, मी विचारलं नाही.
हातमोजे काढत उठले.
मागे अकराची घंटा वाजत होती,
वाजतच राहिली.